समुद्राच्या वाऱ्याचं पत्रक

माझं संशोधन छापून आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते अमडापूरच्या बस थांब्यावर, आलुबोंड्याच्या तेलात भिजलेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली दुपार होती. चिखलीहून आलेल्या गाडीतून उतरले, भूक लागली होती, म्हणून टपरीवर आलुबोंडे घेतले. कागद पिवळा होता आणि अक्षर ओळखीचं. बाबांनी लावलेला मजकूर मी डोळे बारीक करूनही ओळखते. मथळ्याखाली ते नेहमी जाड रेघ मारतात आणि शेवटच्या ओळीआधी थोडी जास्त जागा सोडतात, वाचणाऱ्यानं दम घ्यावा म्हणून. मथळा असा होता: ‘समुद्रावरचा वारा आता आपल्या गावच्या लेकीला कळतो.’ खाली लिहिलं होतं: ‘उपग्रह आणि न्यूरल नेटवर्क यांच्या साह्याने अभ्यास. यंदा समुद्रावर वारा जोरात. पाऊस वेळेवर. पेरण्या लांबवू नका.’ त्याखाली बाबांचं नाव. आणि त्याखाली माझं.

मी बोंडा हातात तसाच धरून ते पुन्हा वाचलं. समुद्रावर वारा जोरात असेल, असं मी म्हणाले होते, तेही बिचकत. पाऊस वेळेवर, हे मी जन्मात म्हणाले नव्हते.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल.

मी पत्रकांवर वाढले. बाबा चिखलीच्या एका छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे म्हणजे एकेक अक्षर हातानं जुळवणारे. खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तेव्हा तेही शिकले. दारूच्या दुकानाविरुद्ध, रात्री वीज देऊन दिवसा झोपणाऱ्या खात्याविरुद्ध, मुलींची शाळा सातवीनंतर बंद करण्याविरुद्ध, अंगात आणून पैसे घेणाऱ्यांविरुद्ध, त्यांनी लिहून, जुळवून, छापून स्वतः बाजारात वाटलेल्या कागदांचे उरलेले गठ्ठे आमच्या घरात धान्याच्या कोठीइतकी जागा व्यापून असत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बीजगणित केलं. डब्यातली पोळी त्यांच्यात गुंडाळली जाई, त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलींना दारूबंदीचे मुद्दे पाठ होते.

घरातली भांडणंसुद्धा पत्रकानंच व्हायची. हा बाबांचा नियम, आणि आईनं तो लग्नानंतर लगेच त्यांच्यावरच उलटवला. भांडण करायचं असेल तर आवाज चढवायचा नाही. लिहायचं आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवायचं. माझं पहिलं पत्रक मी दुसरीत असताना काढलं: ‘दुधीभोपळ्याची सक्ती बंद करा.’ आईनं शेजारीच उत्तर लावलं: ‘दुधीभोपळा: समज आणि गैरसमज.’ मी हरले. तिच्याजवळ मुद्दे होते, माझ्याजवळ फक्त राग. आई अंगणवाडीत शिकवते आणि घरी प्रूफं तपासते. तिच्या हातून दुधीभोपळाही सुटला नाही.

या भांडणांचे नियम पक्के होते. प्रत्येक वाक्याला कोणीतरी मालक असला पाहिजे, विचारलं तर ‘हे माझं’ म्हणणारा. ज्याचं नाव छापायचं त्याला आधी प्रूफ दाखवायचं. आणि खंडन झालं की दोनच रस्ते: लेखी उत्तर किंवा लेखी माघार. माघारीचा नियम सगळ्यात कडक. दावा ज्या अक्षरात छापला त्याच अक्षरात माघार छापायची आणि दावा ज्यांच्या हातात दिला त्यांच्याच हातात द्यायची. वर्तमानपत्रं पहिल्या पानावर खोटं छापतात आणि आतल्या पानावर मोहरीएवढ्या अक्षरात दिलगिरी व्यक्त करतात, याचा बाबांना इतका संताप की तसं दिसलं की ते ती दिलगिरी मोठी करून छापायचे आणि फुकट वाटायचे.

अशा घरातून मी समुद्राच्या वाऱ्याकडे गेले. बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही. लोणारचं तळं खारट आहे, तेवढाच काय तो आमचा समुद्राशी संबंध. किनाऱ्यावरच्या एका शहरात संशोधन करायला मला जागा मिळाली, पण पहिलं वर्ष मी घरूनच काम केलं. खरा समुद्र पाहिला तेव्हा त्याच्या वाऱ्यावर काम करून मला वर्ष झालं होतं. पाहिला आणि जरा नाराजच झाले. पडद्यावर तो जास्त शिस्तीत वागत होता.

काम सांगायला सोपं आहे, करायला नाही. उपग्रह समुद्राच्या पाण्यावर रेडिओ लहरी सोडतात. वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या पडलेल्या असतात. त्यांवरून परत आलेल्या लहरी पाहून वारा किती जोराचा आणि कुठल्या दिशेचा ते काढता येतं. अशा नोंदी वर्षानुवर्षं साठवलेल्या आहेत. आता, जूनमध्ये अरबी समुद्रावर नैर्ऋत्येकडून वारा येतो, हे दरवर्षीचंच आहे. ते सांगायला कॉम्प्युटर कशाला हवा? म्हणून आधी प्रत्येक महिन्याची सरासरी काढून ती वजा करायची. जे उरतं ते आमच्या कामाचं: यंदाचा जून नेहमीच्या जूनपेक्षा किती वेगळा. एका वर्षी वारा उसळतो, दुसऱ्या वर्षी मरगळतो. हा वर्षावर्षांतला फरक कुठून येतो, पॅसिफिक महासागर तापल्यामुळे किती, हिंदी महासागराच्या दोन टोकांतल्या तापमानातल्या फरकामुळे किती, आणि ज्याचं कारणच सापडत नाही असा किती, हे मी शोधत होते.

त्यासाठी न्यूरल नेटवर्क. तो उदाहरणं पाहून शिकणारा प्रोग्राम आहे. त्याला नियम सांगत नाहीत. समुद्राच्या तापमानाचा नकाशा दाखवतात, वाऱ्यातला फरक ओळखायला सांगतात, मग खरं उत्तर दाखवतात. तो चुकतो, आपल्या आतले आकडे जरा हलवतो, पुन्हा चुकतो. शेवटी, त्यानं कधी न पाहिलेली काही वर्षं झाकून ठेवलेली असतात, ती काढून त्याची परीक्षा घेतात. माझं नेटवर्क त्या परीक्षेत बऱ्यापैकी पास झालं होतं. अडचण वेगळीच होती. उपग्रहांच्या नोंदीत ठिपके कोट्यवधी आहेत, पण वर्षं थोडीच आहेत. वर्षावर्षांतला फरक शिकायचा तर वर्षंच मोजावी लागतात, ठिपके नाही. आणि वर्ष काही विकत मिळत नाही. ते बारा महिने लावूनच येतं.

मे महिन्यात मी त्याला ताजा नकाशा दाखवला. त्यानं सांगितलं, अरबी समुद्राच्या पश्चिम भागात वारा सरासरीपेक्षा थोडा जोराचा राहण्याची शक्यता आहे. मी ते फोनवर बाबांना सांगितलं, दर वाक्यात ‘कदाचित’ घालून. बाबांचं ‘कदाचित’शी जुनं वैर आहे. पत्रकात तो शब्द जागा खातो, असं ते म्हणतात.

पुढच्या गाडीनं आमच्या गावी, घरी पोचले तेव्हा बाबा खाटेवर बसून केळीचा घड सुतळीनं बांधत होते. मी तेलकट कागद त्यांच्यासमोर धरला.

“बाबा, हे काय होय?”

“पत्रक होय. आवडलं काय?”

“पाऊस वेळेवर, असं मी कवा म्हणलं?”

“वारा जोराचा म्हणली होती ना तू? पाऊस वाऱ्यानंच येते. वाचनाऱ्याले अर्धीच गोष्ट सांगून कसं चालन?”

“मंग उरलेली अर्धी तुमी कुठून आनली?”

“ते काय, समजूनच येते.”

आतून आईचा आवाज आला, “मी तवाच म्हणलं होतं, प्रूफ पोरीले पाठवा. तं म्हणे, तिले अचानक दाखवू, खुश होईन.”

“झाली ना खुश,” बाबा म्हणाले, पण सुतळीकडे पाहत.

माझं डोकं फिरलं होतं आणि ते योग्यच होतं, असं मी आजही म्हणते. ज्या माणसानं कवड्या टाकणाऱ्यांविरुद्ध, पत्रिका पाहणाऱ्यांविरुद्ध, लिंबू कापणाऱ्यांविरुद्ध उभा जन्म कागद वाटले, त्यानं स्वतःच्या लेकीला भगताच्या पाटावर नेऊन बसवलं होतं. भगताजवळ निदान नारळ असतो, लोक मनात थोडी शंका ठेवतात. माझ्याजवळ उपग्रह होता, म्हणून मी भगतापेक्षा जास्त घातक होते. विज्ञानाच्या नावानं सांगितलेली थाप ही थापच. उलट तिच्याशी भांडायला जास्त बळ लागतं. मी हे सगळं बोलून दाखवलं. बाबा शांतपणे म्हणाले, “बोलू नको, लिव्ह. दार मोकळंच आहे.”

तेवढ्यात कुंपणावरून शेजारची काकू डोकावली.

“आली वं माही वेधशाळा,” ती म्हणाली. “ये बाप्पा, तुही वाट पाहून राह्यलो. चहाले ये, बी दाखवतो तुले.”

काकूचे मालक एस.टी.त ड्रायव्हर, कायम मुक्कामी गाडीवर, म्हणजे रात्री आमच्या गावात थांबून पहाटे परतणाऱ्या. शेत काकूचं, म्हणजे कागदावर दोघांचं, पण त्याच्याशी बोलणारी ती. नाल्याकाठचा एक तुकडा आणि वरचा एक. पेरायच्या बाबतीत ती गावातली सगळ्यात सावध बाई. लोक कपाशीची धूळपेरणी करतात, म्हणजे पाऊस पडायच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकून मोकळे होतात. काकूनं तेही कधी केलं नाही. ओल वीतभर खाली गेली की नाही ते ती स्वतः हात घालून पाहते आणि मगच पेरते. तिनं सोयाबीनचं घरचं बी ठेवलं होतं, हिवाळ्यात बसून एकेक दाणा निवडलेलं, डाग असलेला बाजूला, फुटका बाजूला. ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासून झाली होती. त्या वर्षाचं बी तेवढंच, पुन्हा टाकायला दुसरं नाही.

पोतं उघडून तिनं माझ्या ओंजळीत बी ओतलं. “कसं आहे?”

“मोत्यासारखं आहे.”

“परवा सकाळी ट्रॅक्टर सांगतला. धुळीतच टाकतो औंदा.”

मी बी परत पोत्यात ओतलं. सोयाबीनचं बी नाजूक. कोरड्यात पडलं, वरून एखादी बारीक सर आली आणि मग पावसानं दडी मारली, तर ते फुगतं आणि जमिनीतच सडतं. हे मला काकूनंच लहानपणी शिकवलं होतं.

“काकू, सोयाबीन धुळीत? तू?”

“तुह्यावर इश्वास ठेवून. वेळेवर येनार हाये ना पाऊस? मंग ट्रॅक्टरवाल्याच्या मागं कायले पळू? पहिला नंबर माहा.”

“मी तसं म्हणलंच नाही. बाबायनं लावलं ते मनानं. मले समुद्रावरच्या वाऱ्याचं थोडंसं कळते. आपल्या गावच्या पावसाचं नाही कळत.”

काकूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हसली. “नजर लागन म्हणून बोलून राह्यली काय?”

“खरंच सांगतो. पेरू नको.”

“हे पाय,” ती पोत्याचं तोंड बांधत म्हणाली, “तोंडानं तं सारेच बोलते. तुह्या बापाच्या घरचं मी छापील मानतो. दारूचं दुकान हटन म्हणून छापलं, हटलं. शाळेत आठवी सुरू होईन म्हणून छापलं, झाली. आजवर तुमचा कागद खोटा निघाला नाही. आता तू तोंडी सांगतं की तो खोटा आहे. कोनाचं धरू?”

याला उत्तर एकच होतं, दुसरा कागद. दुसऱ्या दिवशी अमडापूरचा बाजार होता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर येणार होता.

त्या संध्याकाळी मी माझ्या बापाविरुद्ध पत्रक लिहिलं. स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवून भागणार नव्हतं; ते बाजारात वाटावं लागणार होतं. मजकूर माझा, अक्षर आईचं, कारण तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. आई जमिनीवर बसून लिहीत होती, मी सांगत होते आणि बाबा खाटेवरून मान लांब करून वाचत होते.

“मथळा ढिला आहे,” ते म्हणाले.

“तुमच्याविरुद्ध आहे तो.”

“म्हणून काय ढिला ठेवाचा? ‘वाऱ्याच्या अभ्यासाविषयी खुलासा’ असं वाचून कोनी थांबते काय? मनुष्य पुढं निंघून जाते.”

“मंग काय लिवू?”

त्यांनी डोळे मिटून विचार केला. “‘समुद्राचा वारा कळला म्हणून गावचा पाऊस कळत नाही.’ असं लिव्ह. अन् ‘दिवशी’ची वेलांटी पाय.”

“बाबा, तुमाले हे पटते काय?”

“मजकूर नाही पटत. मी उत्तर देईन. पण पत्रक कसं, नीट पाहिजे.”

आई खाली मान घालून हसत होती. मी मात्र हसले नाही, निदान तेव्हा तरी. मुद्दे लिहिले: नेटवर्कनं फक्त समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल सांगितलं आहे, समुद्रावर वारा जोराचा असला म्हणून आपल्या तालुक्यात पाऊस कुठल्या दिवशी आणि किती येईल हे त्यावरून ठरत नाही, नेटवर्कनं आजवर वर्षं थोडीच पाहिली आहेत, माझ्या अभ्यासावर विसंबून कोणीही पेरू नये. शेवटी एकच उद्गारचिन्ह टाकलं. आईनं तेही काढलं.

सकाळी अमडापूरला झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढल्या आणि बाजारात गेलो, बाबा पिवळा गठ्ठा घेऊन, मी पांढरा. आम्ही एकाच गाडीनं गेलो आणि एकाच बाकावर बसलो. बाबांनी माझा लिहिलेला कागदही मांडीवर जपून घेतला, कारण माझ्या हातात पाण्याची बाटली होती.

बाजाराच्या एका तोंडाला ते उभे राहिले, दुसऱ्या तोंडाला मी. लोक त्यांच्याकडून पिवळा घेऊन आत शिरायचे आणि माझ्याकडून पांढरा घेऊन बाहेर पडायचे, किंवा उलटं. तासाभरात सगळ्या बाजाराजवळ दोन्ही कागद झाले. एकानं मला थांबवून सांगितलं की पांढऱ्या कागदात शेंगदाणे चांगले राहतात, पिवळ्याचा रंग लागतो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मी कुठल्या पक्षाची. मी म्हणाले, कुठल्याच नाही. तो म्हणाला, “मंग एवढ्या उन्हात कायले उभी?”

दोरखंड, कासरे, ताडपत्री विकणाऱ्या चाचांचं दुकान बाजाराच्या मधोमध. बाबांचे जुने मित्र. त्यांनी दोन्ही कागद मांडीवर पसरले आणि आम्हा दोघांना हाक मारून बोलावलं.

“आवो भाई, आवो. इकडे ये बेटी. हे पाहा, मले ताडपत्री मांगवाची हाय. पिवळा म्हणते जल्दी मांगव. पांढरा म्हणते मले काही मालूम नाही. मी कोनाचं ऐकू?”

“माझं ऐका, चाचा,” मी म्हणाले.

“ऐकतो ना. पन दोन्हीत तूच हाये.” त्यांनी पिवळ्याच्या तळाशी बोट ठेवलं, मग पांढऱ्याच्या तळाशी. “हे तुझं नाव. हे बी तुझंच. तू आपल्याशीच झगडून राहिली काय?”

आजूबाजूचे लोक हसले. मीही हसले. बाबांनी पिवळा कागद उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि स्वतःच जुळवलेला मजकूर पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचला. त्यांचं बोट ‘पाऊस वेळेवर’ या दोन शब्दांवर थांबलं.

“हे वाक्य तुहं नाही,” ते मला म्हणाले.

“नाही.”

“माहं बी नाही. मले काय कळते पावसातलं?” त्यांचं बोट कागदाच्या तळाशी सरकलं. “म्हंजे याले मालकच नाही. अन् खाली नाव तुहं. प्रूफ न दाखवता.”

चाचांनी विचारलं, “तो ताडपत्री?”

“ताडपत्री तुमी दरवर्षी मांगवता तशी मांगवा,” बाबा म्हणाले, आणि उरलेला पिवळा गठ्ठा दुकानाखाली सरकवला. “याच्यात पुड्या बांधा. मी चिखलीले जाऊन येतो.”

मी म्हणाले, पांढरं वाटून झालंच आहे, आता छापखान्यात कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नियम मोडायला निघाले आहे. झेरॉक्सवरची हाताची अक्षरं ही माझी बाजू होती. माघार त्यांची होती, आणि ती त्याच अक्षरात, त्याच जाड रेघेखाली, त्याच पिवळ्या कागदावर यायला हवी होती. ते मिळेल त्या गाडीनं गेले आणि बाजार उठायच्या आत परतले, कागदाला अजून शाईचा वास होता. मथळा: ‘मागील पत्रकातील पावसाचे विधान चुकीचे होते.’ खाली फक्त त्यांचं नाव. दोघं मिळून वाटत गेलो, आणि जे बाजारातून आधीच निघून गेले होते त्यांच्या घरी बाबा परतीच्या वाटेवर उतरून पायी गेले. एकानं दार उघडून विचारलं, मतदान आहे काय.

शेवटचं घर काकूचं. सूर्य मावळतीला होता. बी भरलेलं पोतं ओसरीवर काढून ठेवलेलं, शेजारी घमेलं. बाबांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो सावकाश वाचला.

“घ्या,” ती म्हणाली. “आता बापलेक एक झाले. काल छापील मानत होतो, आज छापील म्हणते का छापील चुकलं. मी सकाळी काय करू? ट्रॅक्टर पहाटे निंघते त्याचा.”

बाबा ओसरीच्या पायरीवर बसले. त्यांनी सल्ला दिला नाही, हे मला आवडलं. तो मोह त्यांना आवरणं फार कठीण जातं.

“तुले पावसाचं नाही कळत,” काकू मला म्हणाली. “मंग कळते काय? सरकार पैसे कायचे देते तुले?”

मी तिला सांगू लागले. पॅसिफिकपासून सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात तिचे डोळे पोत्याकडे वळले. मग मी थांबून दुसरीकडून धरलं.

“काकाची मुक्कामी गाडी रोज दिवेलागणीले येते ना?”

“हाव.”

“ते साऱ्या गावाले माहीत आहे. ते सांगाले माही गरज नाही. पण कवा कवा उशीर होते, कवा लवकर येते. तो उशीर काऊन होते, ते मी शोधतो. घाटात ट्रक बंद पडला म्हणून किती, लग्नसराईची गर्दी म्हणून किती. अन् काही उशीर असा की कारणच सापडत नाही.”

“तो चहाले थांबते, म्हणून होते.”

“ते आमच्या नोंदीत नाही ना. आता घाटात ट्रक बंद पडला असं कळलं, तं मी म्हणू शकतो की आज गाडीले उशीर होईन, कदाचित. तेबी मी थोडेच दिवस पाह्यले, म्हणून भीत भीत. समुद्रावरचा वारा म्हणजे ती गाडी. अन् तुह्या वावरातला पाऊस म्हणजे काका घरी आल्यावर जेवतीन का नाही, ते.”

काकूनं तोंडाला पदर लावला आणि ती इतकी हसली की पायरीवर बसलेले बाबाही वळले. “ते तं बाई मले बी नाही सांगता येत. मी करून ठेवतो अन् तो जेवूनच येते.”

“मंग मी किनाऱ्यावर बसून कसं सांगू?”

“नाही सांगता येनार,” ती म्हणाली आणि हसणं आवरून एकदम गंभीर झाली. मग अंगणात गेली, कोपऱ्यातल्या मातीत पायानं खड्डा उकरला आणि वाकून आत बोटं घातली. धूळ उडाली. तिनं ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. “उद्या नको येऊ रे बाप्पा. दुसऱ्याचं उरकून घे. वल झाली की मीच सांगन. हो, माहीत आहे मले, नंबर जाते. जाऊ दे.”

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “नंबर गेला माहा. तुह्या कागदापायी लावला होता, अन् तुह्याच कागदापायी गेला.”

“हो,” मी म्हणाले. खरं होतं ते.

पोतं आत न्यायला बाबांनी एक बाजू धरली, मी दुसरी.

पुढचं सांगते, पण त्यातून कोणी काही सिद्ध करू नये. त्या जूनमध्ये एक हलका पाऊस झाला, मग ऊन पडलं आणि आभाळ बरेच दिवस कोरडं राहिलं, मग नीट लागला. काकूनं त्या नीट लागलेल्या पावसावर पेरलं, ट्रॅक्टरच्या रांगेत शेवटून. तिचं सोयाबीन सरळ ओळीत उगवलं आणि ती रोज बांधावर उभी राहून ते पाहायची. समुद्रावर मात्र वारा सरासरीच्या जवळपासच राहिला. माझं नेटवर्क जोराचा म्हणत होतं. म्हणजे झाकलेल्या वर्षांच्या परीक्षेत पास झालेलं ते पहिल्याच खऱ्या वर्षात घसरलं. माझ्या मार्गदर्शकांना पाठवलेल्या अहवालात मी हे पहिल्याच पानावर लिहिलं. त्यांनी विचारलं, हे तळटिपेत चालणार नाही का? मी म्हणाले, आमच्या घरी तशी पद्धत नाही.

अडचण झाली ती बाबांची. काकूचं उगवलेलं शेत पाहून त्यांच्या अंगात पुन्हा जुळारी संचारला. एक दिवस ते कागद घेऊन आले, यावेळी नियमाप्रमाणे प्रूफ घेऊन. मथळा: ‘लेकीचे खरे ठरले.’

“बाबा, मी ‘मले माहीत नाही’ एवढंच म्हणलं होतं. ते कसं काय खरं ठरन?”

“काकूचं बी वाचलं ना?”

“वाचलं. अन् पाऊस लगेच लागला असता तं धुळीत टाकलेलंही वाचलं असतं. मंग काय ‘लेकीचे खोटे ठरले’ छापलं असतं?”

त्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे विचार केला, हे त्यांच्या कपाळावरून कळत होतं. “मंग हे कवा छापाचं?”

“एका वर्षानं काहीच ठरत नाही. तेच तं माहं काम आहे. पुष्कळ वर्षं पाहावी लागतीन.”

काकू कुंपणापलीकडे धुणं वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, ती नेहमीच ऐकते.

“पुष्कळ म्हंजे किती वं?” तिनं विचारलं.

“लय, काकू. मी म्हातारी होईन.”

“तवर माह्या सोयाबीनची डवरणी कोन करन? दोन ओळीयच्या मधात सारं तन उभं राहून गेलं.” तिनं ओलं लुगडं झटकलं, पाणी आमच्या दोघांवर उडालं. “उद्या सकाळी ये. डवरा धराले बापाले बी घेऊन ये. घरी राह्यला की छापते.”